मलकापूरच्या डेअरीतली केबल

मलकापूरच्या त्या डेअरीच्या फाटकातून ब्राह्मी सहा वर्षांनी आत शिरली. इथल्याच प्रयोगशाळेत ती पूर्वी दूध तपासायची. एका टँकरचं फॅट तिनं वहीत दोन पूर्णांक एक लिहिलं होतं. टँकरवाल्याला जास्त भाव मिळावा म्हणून मुख्य केमिस्ट जयराजनं ते खोडून साडेतीन केलं, आणि बोभाटा झाल्यावर ती खाडाखोड तिच्याच माथी मारली. नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. जयराज मात्र अजून त्याच खुर्चीत बसला होता.

आता ती माधवनगरच्या एका कंपनीत यंत्रं जोडून द्यायचं काम करायची. दूध तपासायचं यंत्र कॉम्प्युटरला जोडायचं आणि प्रत्येक आकड्याची प्रत थेट साताऱ्याच्या मुख्य कचेरीला जाईल असं करायचं, अशी ऑर्डर साताऱ्याहून आली होती. ते काम तिनं कंपनीच्या मालकाकडून मागून घेतलं होतं.

जयराजनं तिला लगेच ओळखलं. "लय मोठी झालीस की. जुनं काय मनात न्हाई न्हवं?"

"कामाला आलेय, साहेब."

तिनं केबल जोडली, नमुना लावला. पडद्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हं उमटली.

"आमची वहीच बरी हुती," मागून जयराज हसला.

ब्राह्मीनं मान वळवली नाही. यंत्र चोवीसशेच्या वेगानं आकडे पाठवत होतं आणि कॉम्प्युटर शहाण्णवशेच्या वेगानं ऐकत होता. तिनं दोन्हींचा वेग एक केला. पुन्हा नमुना लावला, तसं स्वच्छ अक्षरात आलं : फॅट ३.८.

जयराजनं खुर्ची जवळ ओढली. "एखादा आकडा चुकला तर दुरुस्त करता येतोय न्हवं?"

"पडद्यावरचा येतो."

यात खोटं काही नव्हतं. साताऱ्याला जाणाऱ्या प्रतीचं तिनं त्याच्यापुढे सहीला ठेवलेल्या कागदावर दुसऱ्या पानाला स्पष्ट लिहिलं होतं. जयराजनं पान न उलटता सही ठोकली. ब्राह्मीनं कागद घडी करून पिशवीत घातला.

पाचव्या दिवशी एक टँकर आला. यंत्रानं दोन पूर्णांक तीन सांगितलं, जयराजनं पडद्यावर साडेतीन केलं. साताऱ्याला यंत्राचा आणि बदललेला असे दोन्ही आकडे पोचले. तासाभरात तिथून फोन आला, आठवड्यात चौकशी बसली. यंत्र बरोबर चालतंय हे सांगायला ब्राह्मीला बोलावणं गेलं.

व्हरांड्यात जयराज एकटाच उभा होता. "आधी सांगितलं असतंस तर मी हात लावला नसता," तो म्हणाला.

"म्हणूनच सांगितलं न्हाई."

जयराजला घरी बसवलं. ब्राह्मीची जुनी वही मात्र कुणी उघडली नाही, तिच्या नावावरचा डाग तसाच राहिला. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत ती घरी जेवायला बसली, तेव्हा वडील रामगोंडांनी विचारलं, "निवलं का मन?"

"अर्धं," ती म्हणाली, आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.