शनिवार, पाच वाजेपर्यंत

लीगचा इतिहास लिहायचं काम पियूषने माझ्या गळ्यात घातलं. यंदा पंचवीस वर्षं झाली, एक छोटी पुस्तिका काढू, असं ठरलं. पियूषचं मेडिकल स्टोअर आहे आणि त्याला गोष्ट सांगायला बसवलं की ती सात ठिकाणी फिरून येते. मी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर आजवरची नोकरी काढली. कागद कधी आला, कुणाचा आला, कुठे गेला, एवढं मला सरळ सांगता येतं.

लीग सुरू झाली १९९९ च्या ऑगस्टमध्ये. यवतमाळात आमच्या केबलवाल्याने खेळांचं एक नवीन चॅनल दिलं आणि आम्ही कॉलेजातले पाच जण इंग्लंडच्या फुटबॉलला लागलो. पाचांपैकी एकानेही शाळा सुटल्यावर चेंडूला पाय लावला नव्हता. कुठल्याशा मासिकात वाचून भैरवीनेच खेळ काढला. ती तेव्हा बी.एड. करत होती, आता मुख्याध्यापिका आहे. प्रत्येकाने कागदावर अकरा जणांचा संघ करायचा. तिकडे खऱ्या सामन्यात त्यातल्या एखाद्याने गोल मारला की इकडे आपल्याला चार गुण. एक खेळाडू एकाच्याच संघात. वर्षाच्या शेवटी जो तळाला, त्याने सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालायचे. पैसे लावायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठरलं. तरी एक हवालदार दोनदा चौकशीला येऊन गेला आणि दोन्ही वेळा पोहे खाऊन गेला.

नावं आम्हाला उच्चारता येत नसत, म्हणून आम्ही सगळ्यांचं बारसं केलं. लंबू, टकल्या, पांढऱ्या बुटाचा, रडक्या. एक गोलकीपर होता, त्याला आम्ही गुरुजी म्हणायचो, कारण तो चूक झाली की दुसऱ्यावर ओरडायचा. ही सगळी नावं श्रीकृष्णाने ठेवलेली. श्रीकृष्ण कळंबकडच्या खेड्यातला, घरची कापसाची शेती. बी.ए.ला तो तीन वर्षं माझ्या शेजारी बसला. सामना बघताना तो जे बोलायचा ते ऐकायला आम्ही सामना बघत असू, असं म्हटलं तरी चालेल. खेळात मात्र तो कच्चा. सात वर्षांत चार वेळा त्याचे पोहे आम्ही खाल्ले.

नियम माझे. संघात बदल करायचा असेल तर चिठ्ठी स्वतःच्या अक्षरात लिहायची आणि शनिवारी पाच वाजेपर्यंत गुलाबसिंगच्या हॉटेलातल्या बिस्किटाच्या डब्यात टाकायची. पाचला मी डबा उघडायचो आणि प्रत्येक चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारायचो. शिक्का मी पदरच्या पैशांनी करून घेतला होता. बंटी तिसऱ्या वर्षी पुण्याला गेला, तर तो पोस्टाने चिठ्ठ्या पाठवायचा. एकदा पत्र सोमवारी आलं. त्यात त्याने अचूक माणूस निवडला होता. मी ते धरलं नाही. बंटीने शिव्या दिल्या आणि पुढच्या आठवड्यापासून बुधवारीच पत्र टाकायला लागला. याला मी शिस्त म्हणायचो. भैरवी दुसरं काहीतरी म्हणायची.

आता २००६. पुस्तिकेत हे वर्ष कसं लिहावं, यावर मी महिनाभर अडलो होतो.

त्या वर्षी श्रीकृष्ण पहिल्यांदाच वर होता. फेब्रुवारीपर्यंत तो पहिला, मी दुसरा. कापसाचा भाव त्या हंगामात पडला होता. जवळचं खरेदी केंद्र भरलं म्हणून तो ट्रॅक्टर घेऊन वणीच्या पलीकडच्या केंद्रावर गेला आणि तिथल्या रांगेत अडकला. दोन शनिवार तो आला नाही. आम्हाला कारण ठाऊक होतं. त्या दिवसांत रांग म्हटलं की कुणी पुढे विचारत नसे.

दुसऱ्या शनिवारी पावणेपाचला गुलाबसिंगच्या हॉटेलातला फोन वाजला. गुलाबसिंगने रिसीव्हर माझ्याकडे दिला.

"चारू, मी बोलून राह्यलो," श्रीकृष्ण म्हणाला. "लंबूचा गुडघा गेला म्हणते. पेपरात वाचलं. त्याले काढ आन् पांढऱ्या बुटाचा टाक."

"चिठ्ठी कुठे आहे?"

"चिठ्ठी कशी येईन गड्या? मी रांगेत हावो. आज नववा दिवस हाये."

"नियम तुला माहीत आहे."

"पियूषले लिहाले सांग मंग."

"स्वतःच्या अक्षरात पाहिजे, श्रीकृष्णा."

फोनमध्ये त्याच्या मागे ट्रॅक्टरचे आवाज येत होते. मग "बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. पियूष समोरच बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी शिक्क्यावरची तारीख बदलली.

त्या संध्याकाळी पांढऱ्या बुटाच्याने दोन गोल मारले. म्हणजे आठ गुण. मे महिन्यात हंगाम संपला तेव्हा श्रीकृष्ण तीन गुणांनी दुसरा आला. पहिला मी आलो. ऑगस्टमध्ये संघ निवडायला तो आला नाही. शेतीचं काम आहे, असा निरोप पियूषकडे होता. पुढच्या वर्षीही तोच निरोप. मग निरोपही बंद झाला.

लग्नकार्यात भेटायचा तेव्हा नीट बोलायचा. माझ्या मुलीच्या बारशाला बायकोला, कोकिळाला, घेऊन आला होता. पण फुटबॉलचं नाव काढलं की पाणी आणायला उठायचा. मी मनाशी पक्कं धरलं होतं की तीन गुणांवरून डोक्यात राख घालून बसलेला माणूस आहे, बसू दे. हे मी अठरा वर्षं धरून होतो. मधल्या काळात लीग मोबाइलवर गेली. गुण आपोआप मांडले जातात, वेळ संपली की अॅप स्वतःच दार लावतं. डबा, शिक्का, मी, तिघेही रिकामे झालो.

पुस्तिका लिहायला घेतली आणि मला स्वच्छ कळलं की श्रीकृष्णाशिवाय ही लीग म्हणजे चार म्हाताऱ्यांचं मोबाइल बघणं आहे. मला तो परत हवा होता. भैरवी म्हणाली, "तू घालवलास, तूच आण." मग आम्ही चौघांनी रीतसर ठराव केला: २००६ चा तो फोनवरचा बदल मान्य धरण्यात येत आहे, आठ गुण देण्यात येत आहेत, त्या वर्षीचं विजेतेपद श्रीकृष्णाचं. मी तो टाइप केला, चौघांच्या सह्या घेतल्या (बंटीची पुण्याहून मागवली) आणि जुलैतल्या एका रविवारी कळंबला जाऊन तिथून ऑटोने त्याच्या गावी गेलो.

त्याचं बरं चाललंय. कापूस निम्मा केलाय, बाकी सोयाबीन आणि तूर. मुलगी सलोनी नागपुरात नर्सिंगला आहे. कोकिळावहिनींनी चहा दिला आणि त्या आत गेल्या. मी ठराव पुढे केला. त्याने चष्मा लावून तो पूर्ण वाचला, सह्यांसकट.

"मी जिंकलो म्हणजे," तो म्हणाला.

"हो. आठ गुण धरले तर पाचाने."

तो हसला. मनापासून हसला. मग कागदाची घडी घालून त्याने तो माझ्या हातात परत दिला.

"नियम बरोबर होता तुहा. चिठ्ठी नव्हती, बदल नाई. मले त्याचा राग कधीच नव्हता."

"मग आला का नाहीस?"

त्याने अंगणातल्या ट्रॅक्टरकडे पाहिलं.

"चारू, त्या रांगेत नऊ दिवस मी एकच बोलणं ऐकलं. भाव, ओलावा, ग्रेड, भाव. पुढचा तेच बोले, मागचा तेच बोले, मीबी तेच बोलो. नवव्या दिवशी मले वाटलं, आता आपण पागल होऊन जाऊ. पेपरात लंबूचं वाचलं आन् बरं वाटलं. फोन कराले कारण भेटलं ना. लंबूले काढलं काय न् ठेवलं काय, मले घेणंदेणं नव्हतं. पाच मिनिटं तुह्याशी बोलाचं होतं. मी तुले सांगतलं, नववा दिवस हाये. तू इचारलं नाई, कसा हायेस म्हणून. जेवला काय म्हणून बी नाई. तू म्हटलं, नियम माहीत आहे."

मला लाज वाटली, आणि ती मला त्याच्यासमोर लपवता आली नाही. तीन गुणांचा हिशोब मी अठरा वर्षं त्याच्या नावावर लावत होतो आणि तो हिशोब फक्त माझ्याच डोक्यात होता.

"चुकलो मी," मी म्हणालो.

"हाव," तो म्हणाला. नाही-नाही वगैरे काही केलं नाही त्याने.

लीगमध्ये ये, असं मी तरीही विचारलं. त्याने मान हलवली. आता ते खेळाडू ओळखीचे नाहीत, म्हणाला, नवीन नावं ठेवायचा उल्हास राहिला नाही. मला सोडायला तो फाट्यापर्यंत चालत आला. वाटेत पऱ्हाटीवरच्या बोंडअळीबद्दल बोलला, सलोनीच्या वसतिगृहाबद्दल बोलला. ऑटो आला तेव्हा म्हणाला, "फोन करत जा."

पुस्तिकेत २००६ च्या पुढे माझंच नाव राहिलं आहे. खोडायचं म्हटलं तर त्याला नको होतं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी फोन लावला. दोन रिंग झाल्या आणि माझ्या लक्षात आलं की कामाशिवाय मी या माणसाला कधीच फोन केलेला नाही. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. त्याने उचलला.

"जेवलास का?" मी विचारलं.

संध्याकाळचे सहा वाजले होते. त्या वेळी कोण जेवतं?

"नाई अजून," श्रीकृष्ण म्हणाला. "टाइम हाये. बोल."