कै. छगन

"पंखा बंद करा हं काका, पानं उडतायत," स्नेहल म्हणाली.

मी स्टुलावरून उतरून बटण बंद केलं. पानं म्हणजे हिरव्या कार्डपेपरची. पाथर्डीच्या आमच्या वाचनालयात कला-संस्कृती सप्ताह चालू होता. रांगोळी झाली, भजन झालं. आज रविवारी शेवटचं 'घराण्याचं झाड'. लोकांनी आठवडाभरात येऊन आपल्या घरातली माणसं सांगायची, आम्ही एकेक नाव पानावर लिहून भिंतीवर त्या घराचं झाड चिकटवायचं. कल्पना स्नेहलची, ती ग्रंथपाल. लिहिण्याचं काम माझ्याकडं आलं, कारण पंचायत समितीत आयुष्यभर आवक-जावक लिहून माझं अक्षर बरं झालंय. माणसांना प्रश्न विचारणं मला जमत नाही, हे तिला सांगायचं राहून गेलं.

अकराला सगळी मंडळी आपापली झाडं बघायला येणार होती. मला सकाळपासून चहा गोड लागला नव्हता. कुणाची आजी सुटली असेल, कुणाची सून भलत्याच फांदीवर गेली असेल. अध्यक्ष काकासाहेबांनी तर आधीच सांगून ठेवलं होतं, "एवढा कार्यक्रम होऊ द्या. मग ह्या खोलीत पोरांची अभ्यासिका करू."

सगळ्यांच्या आधी दगडाबाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या, नवं लुगडं, डोक्यावर पदर.

"यष्टी येळेवर गावली बगा. कुठंय आमचं झाड?"

मी दाखवलं. त्यांना वाचता येत नाही. तरी डोळे बारीक करून त्यांनी पानापानावरून नजर फिरवली.

"लई झ्याक. लेक रूपाली येतीय केडगाववरनं, जीप करून. आन् छगनबी येतोय तिच्यासंगं. कवाधरनं इचारतोय, वैनी, माझं नाव हाय का भितीवर?"

मी स्टुलाची कड धरली.

छगनचं नाव होतं. दगडाबाईंच्या अगदी शेजारच्या, नवऱ्याच्या पानावर. माझ्या चांगल्या अक्षरात: कै. छगन.

घर सांगायला त्या आल्या होत्या तेव्हा सगळं बोलणं ऊसतोडीचंच झालं होतं. "छगन आन् मी फडात उतरायचो, छगन मोळ्या बांधायचा, छगन आन् मी गाडी भरायचो." आमच्याकडं ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. शेवटी त्या म्हणाल्या, "आमचं मालक गेलं, लई वर्सं झाली," आणि डोळे पुसले. नाव काय, असं विचारायचा मला धीर झाला नाही. मी आपला छगनला त्यांच्याशी जोडून मोकळा झालो.

मला कळायला हवं होतं. ज्याचं नाव ही बाई दहादा घेते, तो तिचा नवरा कसा असेल? आमच्या मालननं उभ्या संसारात माझं नाव घेतलं नाही. 'अहो', 'ऐकलं का', एवढंच. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं म्हणे. तेव्हा बँड वाजत होता, मला ऐकू आलं नाही.

"काका, काय झालं?" स्नेहलनं विचारलं. मी बोटानं पान दाखवलं. तिनं वाचलं आणि तोंडावर हात ठेवला.

"काढून टाका," ती कुजबुजली. "सांगू, खळ सुटली म्हणून. त्यांना कुठं वाचता येतंय?"

माझा हात पानाकडं गेलासुद्धा. पण सगळ्या झाडांत दगडाबाईंच्या शेजारची जागाच तेवढी रिकामी दिसली असती. आणि त्या तिथंच बघत उभ्या होत्या.

"दगडाबाई," मी म्हणालो. "माझ्याकडून चूक झाली. तुमच्या शेजारी... मालकांच्या जागी मी छगनरावांना लिहिलं. शिवाय कैलासवासी."

त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता खाली बसल्या.

"छगन? अवो, मी लगीन होऊन आले तवा त्याचं नाक मी पुसायची! ह्यास्नी दमा हुता, धुरळा सोसायचा न्हाई. ते कोपीवर, आमच्या पाचटाच्या झोपडीपाशी, बैलं बगायचे. म्हनून दीर घेतला जोडीला. आन् तुमी त्याला मारून माज्या गळ्यात बांधला व्हय?"

स्नेहल हसली. मला हसता येईना. "त्यांच्या समोर नको. ते यायच्या आत बदलतो. मालकांचं नाव...?"

हसणं थांबलं. दगडाबाईंनी पदर पुढं ओढला.

"आधार कार्डावर असेल ना आजी," स्नेहल म्हणाली.

"कार्ड रूपालीच्या पर्समधी."

"मग उखाण्यात घ्या की."

"कुकू गेलं, आता कसला उखाना, पोरी."

बाहेर कुठल्या तरी जीपचा हॉर्न वाजला. मी नवं पान कापलं आणि पेन उघडून नुसता बसून राहिलो. विचारायचं कसं, ते सुचत नव्हतं. दगडाबाईंनाच माझी दया आली असावी.

"वनवासाला गेल्ता ना," त्या जमिनीकडं बघत म्हणाल्या, "त्याचं."

"रामचंद्र? रामभाऊ?"

"नुसतं. मागं-फुडं काय न्हाई."

मी लिहिलं: कै. राम. जुनं पान सोलून काढलं, नवं चिकटवलं. छगनसाठी आणखी एक पान कापलं, 'कै.' शिवाय, आणि भावाच्या फांदीवर लावलं. खळ वाळलीही नव्हती तोच रूपाली आणि छगन आत आले. छगन पांढऱ्या टोपीतला, काठी टेकत.

"वैनी, हाय का मी?"

"हायेस बाबा," दगडाबाई म्हणाल्या. "जित्ता हायेस."

रूपालीनं झाडावरची नावं मोठ्यानं वाचली. बापाचं नाव आल्यावर थांबली, आईकडं बघितलं आणि ते मनातच वाचलं. मग छगनला घेऊन रांगोळीचे फोटो बघायला गेली. खोली भरत होती. काकासाहेबही आले होते, दारात उभे राहून झाडं मोजल्यासारखं बघत होते.

दगडाबाई एकट्याच झाडापाशी राहिल्या. त्यांनी मला खुणेनं विचारलं, कोणतं? मी पान दाखवलं. त्यांनी ओल्या खळीवर बोट टेकवलं. इकडंतिकडं बघितलं. ओठ हलायला लागले आणि थांबले. माणसं फार होती.

मी भिंतीपाशी गेलो आणि पंखा लावला. पाचावर.

"काका, पानं!" स्नेहल ओरडली.

सगळी झाडं एकदम फडफडायला लागली. त्या आवाजात दगडाबाईंचे ओठ हलताना मला दिसले. मी खिडकीकडं तोंड केलं.