सव्वा मूठ

धुळ्याच्या देवपुरातल्या महिला मंडळाने तारीख बदलायची म्हणून खूप गळ घातली, पण हेमलता हलली नाही. श्रावणात रविवारी घरी बसवलेली कानबाई देवी ज्या सोमवारी नदीत बोळवतात, तो सोमवार म्हणजे सोमवारच. ज्यांच्या घरी कानबाई बसणार होती त्यांनी नावं काढून घेतली. उरलेल्या एकवीस जणी मिनीबसमध्ये बसल्या, पारोळा मागे पडलं आणि बस भडगावच्या अंगाने गिरणाकाठच्या पिंपळगढीकडे निघाली.

सहलीचं पत्रक हेमलतानेच लिहिलं होतं. जुनी मातीची गढी, सात टप्प्यांची बारव, काळ्या दगडातलं महादेवाचं देऊळ. सगळं खरं होतं. गढीखालच्या गल्लीत आपलं सासर आहे आणि बावीस वर्षांत तिथे आपण पाऊल टाकलेलं नाही, एवढं मात्र तिने लिहिलं नव्हतं.

कानबाईचे रोट म्हणजे पुरणाच्या जाड पोळ्या. त्यांचे गहू बाजारच्या मापाने मोजत नाहीत. घरचा कर्ता पुरुष आदल्या शनिवारी सुपापुढे बसतो आणि घरातल्या एकेका पुरुषाचं, पाळण्यातल्या पोराचंसुद्धा, नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ टाकतो. बायका जात्यावर गातात,

सव्वा मूठ गहू, घरधनीना नावना,
सव्वा मूठ गहू, पाळनाना जीवना.

हे रोट भाऊबंदांनीच खायचे. परक्याला तुकडा द्यायचा नाही, आणि पुनवेच्या आत संपवायचे.

बावीस वर्षांपूर्वीची ती कानबाई. हेमलताचा नवरा सुपडू विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला, त्याला तीन महिने झाले होते. जेठ, म्हणजे थोरला दीर, तोताराम सुपापुढे बसला. आपल्या पोरांची नावं घेतली, गोपालची मूठ, प्रकाशची मूठ. चार वर्षांचा नवल आपलं नाव येईल म्हणून गुडघ्यावर हात ठेवून, श्वास धरून बसला होता. तोतारामने हात झटकले आणि सूप उचललं. हेमलताने पदराआडून विचारलं तेव्हा तो म्हणाला की हे पोरगं आता मामांकडचं, त्याची मूठ तिकडेच टाका. सुपडूच्या वाट्याची जमीन कुणाच्या नांगराखाली जाणार, हे तेवढ्यात ठरलं. पण तिच्या मनात जमीन राहिली नाही. राहिलं ते पोराचं तोंड. रात्रभर ते विचारत होतं, माझे गहू संपले का गं?

मग देवपुरात शाळेतली नोकरी आली, भाड्याची खोली आली. नवल शिकला, नाशिकला कामाला लागला. राग मात्र तिने दिव्यात तेल घालावं तसा जपला. वाऱ्याला लागू दिला नाही आणि विझूही दिला नाही.

गेल्या महिन्यात पुतणसून दिपमाला धुळ्याच्या बाजारात भेटली. दिपमाला ही गोपालची बायको. बोलता बोलता तिने सांगितलं की सुरतेला दोघा भावांना रजा नाही, यंदा कानबाईला कुणी जात नाही, आबांना, म्हणजे सासऱ्यांना, अजून सांगायचंय. हेमलताने तिला कोथिंबिरीची जुडी घेऊन दिली आणि घरी येऊन पत्रक लिहायला बसली.

पिंपळगढीत बस थांबली तेव्हा कानबाई नदीत बोळवून लोक परतत होते. बारवेच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. बायकांनी एकमेकींचे हात धरून फोटो काढले. मंडळातल्या ललिताताईंनी खाली वाकून हाक मारली आणि परत आलेल्या आवाजावर सगळ्या हसल्या. मग हेमलता म्हणाली, गढीवर जायचा रस्ता याच गल्लीतून आहे.

दार उघडंच होतं. ओसरीवर तोताराम बसला होता, वाळून काटकी झालेला. शेजारी जेठानी गुंताबाई गुडघे चोळत होती. मध्ये टोपली, रोटांनी शिगोशीग भरलेली. पोरांचा फोन शनिवारी मुठी टाकून झाल्यावर आला होता, हे बघताक्षणी कळत होतं. श्रावणातली दमट हवा, पुरणाला आंबूस वास यायला लागलेला.

ललिताताईंना गप्प बसवत नाही. "बाई बाई, एवढ्या पोळ्या! लग्न आहे का हो आजोबा?"

तोताराम ओशाळून हसला. म्हणाला, हे देवीचे रोट आहेत, पाहुण्यांना देता येत नाहीत, वाईट वाटून घेऊ नका.

"मग घरचे कुठे गेले?"

तेवढ्यात बायकांच्या मागून हेमलता पुढे आली. डोक्यावर पदर होता, मान मात्र ताठ होती. गुंताबाईने आधी ओळखलं आणि तोंडावर हात ठेवला. तोताराम भिंतीला धरून उठला. त्याचे डोळे तिच्याकडून टोपलीकडे आणि टोपलीकडून तिच्याकडे गेले. बुडत्याला काठ दिसावा तसे.

"बस, माय. बरं झायं उनी. यंदा नवलनी मूठ लिधी शे मी. नाव लिसन लिधी."

नवलचं नाव घेऊन मूठ टाकली असेल, हे तिने धरलं नव्हतं. क्षणभर गुडघ्यांवर हात ठेवून बसलेलं ते पोर तिला दिसलं.

"बावीस वरीस उशीर झाया, आबा," ती म्हणाली. "तव्हय तुम्हीच सांगेल व्हतं, हाऊ मामासकडला. मामासकडला पोर तुमना रोट कसा खाई?"

"पोर नही ते नही. तू ते खा."

"मी त्यानीच माय शे."

समोरच्या ओट्यावरचा नथ्थू न्हावी वस्तरा हातात धरून ऐकत होता. म्हणजे दिवस मावळायच्या आत गावभर होणार होतं.

गुंताबाईने टोपलीतला एक रोट उचलला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. "एक तुकडा मोड वं माय. मन्हाकरता."

या बाईने त्या साली वेशीपर्यंत येऊन पोराच्या खिशात गूळ भरला होता. हेमलता वाकली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून क्षणभर तशीच राहिली. उठली, तेव्हा रोटाकडे तिने पाहिलं नाही. तांब्याही नको म्हणाली. बाटलीतलं आपलं पाणी उंबऱ्यात उभी राहून प्यायली आणि बायकांना म्हणाली, चला, ऊन वाढतंय.

गढीच्या बुरुजावरून गिरणेचं पात्र सरळ खाली दिसतं. बायका गार वाऱ्यात टेकल्या, कुणी चिवड्याची पिशवी सोडली. हेमलता कठड्याशी उभी राहिली.

बऱ्याच वेळाने गल्लीच्या तोंडाशी पांढरी टोपी दिसली. तोताराम टोपली खांद्यावर घेऊन एकटाच नदीकडे चालला होता. वाटेवरचे लोक थांबून बघत होते. ज्या घरचे रोट पाण्यात जातात त्या घरात माणसं उरली नाहीत, हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही. तो पाण्यात गुडघाभर शिरला. टोपली उपडी करून मोकळा होईल असं तिला वाटलं होतं. पण तो एकेक रोट काढत होता, कपाळाला लावत होता आणि पाण्यावर सोडत होता. प्रत्येक वेळी जरासा थांबत होता, नाव घेतल्यासारखा.

"तुमचे कोण हो ते?" ललिताताईंनी हळूच विचारलं.

"माझे जेठ."

ललिताताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, झालं ना आता, चला खाली, देऊळ राहिलंय बघायचं.

"तुम्ही व्हा पुढे," हेमलता म्हणाली. टोपली अजून अर्धी भरलेली होती.