गोदाबाईचा तांब्या

पारावर पाच बायांच्या नावाचे पाण्याचे पाच तांबे, तोंडावर केळीची पानं. चौघींच्या तांब्यांवरची पानं सरकवून चेटकीण शोधायला आलेल्या बाबाने दिवा नेला, काहीच नाही. गोदाबाईच्या तांब्याशी नेला अन् 'फाट्!' हातभर ज्योत उसळली.

"बोलली! चेटकीण बोलली!" बाबा किंचाळला.

पहिला गोटा पुंजारामने मारला. सख्खा दीर! त्याची सून आचल तापाने फणफणलेली, अन् बाबा सांगे, करणी घरातलीच आहे. गोदाबाईचं कपाळ फुटलं. मग चपला, लाथा, केस धरून फरपटणं. बायाही मागे नव्हत्या.

मी वाहेद. अकोल्याच्या जुन्या शहरात माझं बॅटरी दुरुस्तीचं दुकान. गावात सरपंचाच्या ट्रॅक्टरसाठी आलो होतो. तो 'फाट्' आवाज ऐकला अन् हात आपसूक भुवईवर गेला. अर्धी भुवई अशाच आवाजात गेलीय माझी. चार्जिंगच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथंच मी गाढवाने बिडी पेटवली होती. तेव्हापासून दुकानात पाटी आहे : 'हायड्रोजन आहे. बिडी बाहेर.'

गर्दीत घुसलो. पाठीत दोन काठ्या बसल्या. तांब्या उचलला तर चटका! साधं पाणी असं तापतं होय? आत ॲल्युमिनियमची बेगड बुडबुडे सोडत होती, मूर्तीच्या मखराला लावतात तीच.

बाबाची झोळी हिसकून पालथी केली. बेगडीचे तुकडे पडले, अन् साबणाला लागतो तो कॉस्टिक सोडा.

"महाराज, आता तुमच्या नावानं तांब्या लावू का?"

"भस्म होशील!"

"होईन. आधी तांब्या तं बोलू द्या."

दुसऱ्या तांब्यात सोडा टाकला, बेगड टाकली, वर पान झाकलं. थोड्या वेळानं दिवा नेला. फाट्!

"पाह्यलं? आता बाबा चेटकीण झाला का? याले हायड्रोजन म्हणतात. पाण्यातूनच सुटते. त्याले कोनाचं नाव समजत नाही."

बाबा पळायला लागला. लोकांनी त्याला धरलं, तेच गोटे पुन्हा उचलले.

"थांबा!" गोदाबाई रक्त पुसत उठली. "त्याले पोलिसात द्या. त्यानं तांब्या पेटवला, गोटे तुमी मारले. पुंजाराम, तुया हातात कोणता हायड्रोजन होता रे?"

पुंजारामच्या हातातला गोटा गळून पडला. तो मान खाली घालून रडायला लागला.

ट्रॅक्टर सुरू झाला तो थेट दवाखान्याकडे. ट्रॉलीत गोदाबाई कपाळाला फडकं दाबून बसली होती, मांडीवर आचलचं डोकं. डॉक्टर म्हणाले, टायफॉइड आहे, अजून दोन दिवस गेले असते तर पोर हातची गेली असती.

लोकहो, पुन्हा कुठं असा आवाज झाला तर आधी भांड्यात डोकवा. माणसावर हात उचलू नका.