सुई कुणाकडे बघते

ताईचं पत्र येऊन तीन महिने झाले, तरी त्याला उत्तर गेलं नव्हतं. शब्दकोशात घडी घालून ठेवलेलं ते पत्र म्हातारा रोज दुपारी काढायचा, चष्मा पुसायचा, वाचायचा आणि परत ठेवून द्यायचा. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं शिवलेला हा बाइंडर. माणसांपेक्षा पानांशी त्याचं जास्त जमायचं. थोरल्या बहिणीला हल्ली फोनवर धड ऐकू येत नसे, म्हणून दोघांत पत्रं चालायची आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी स्वतः रचलेलं एक कोडं. कोडं सुटल्याशिवाय पत्राला उत्तर द्यायचं नाही, हा नियम लहानपणी त्यानेच केला होता. आता तोच गळ्याशी आला होता.

‘चौघींतली मी एक. सुई नेहमी माझ्याकडे बघते. भांडणात मी उलट, परीक्षेत बरोबर. तुझ्याकडे मी आहे, पण तू मला देत नाहीस.’

खाली ताईने लिहिलं होतं, ‘आता तुझं पत्र आल्याशिवाय मी लिहिणार नाही. रागावला असशील तर तसं कळव.’

ताईवर कशाला रागवेल तो? तिच्याशिवाय त्याला पत्र लिहिणारं होतं कोण?

पण सुई म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे पुस्तक शिवायची जाड सुई यायची आणि गाडी तिथेच रुतायची. सुई बघते दोऱ्याकडे. मग दोरा परीक्षेत बरोबर कसा? खाडाखोडीने अर्धी वही भरली. शेवटी लाज गिळून तो खालच्या शिंप्याकडे गेला.

“काका, माझी सुई सकाळपासून माझ्या बोटाकडेच बघतेय,” शिंपी मान वर न करता म्हणाला. “आणि चौघींचं म्हणाल, तर चार गिऱ्हाइकं आत्ता येऊन उरावर बसतील. तीच माझी परीक्षा. निघा तुम्ही.”

कानकोंडा होऊन तो वर आला. स्वतःवरच चिडलेला. दोरा, भोक, टाका असं पुटपुटत खुर्चीत बसला.

“अहो, चहात साखर घालू का?” आतून बायकोने विचारलं.

दोरा. टाका. टाके चार असतात का?

“अहो, साखर?”

चौघी कोण पण?

पातेलं ओट्यावर आदळलं. बायको दारात उभी. “तीनदा विचारू? जन्म गेला माझा भिंतीशी बोलण्यात! उलट उत्तर द्या, पण उत्तर तरी द्या!”

“काय म्हणालीस?”

“झालं! आता ऐकूही येईना.”

“नाही गं, पुन्हा म्हण. उलट काय?”

“उलट उत्तर!”

तो बघतच राहिला. भांडणात उलट, परीक्षेत बरोबर. आणि सुई? ताईचा नवरा बोटीवर होता. त्याचं होकायंत्र अजून तिच्या कपाटावर असायचं, आणि याने ते शंभरदा हातात घेतलं होतं. चार दिशांतली एक!

“गाढव!” तो ओरडला.

“कोण?”

“मी.”

“हे बरं लगेच सांगितलंत.”

तो हसणार होता, पण शेवटची ओळ आठवली. पण तू मला देत नाहीस. ते काही कोडं नव्हतं. ते या घरातलं कुणीही म्हणालं असतं.

त्याने कागद ओढला. ‘ताई, उत्तर आहे उत्तर. मी रागावलेलो नाही. मला येत नव्हतं, एवढंच.’ पाकीट चिकटवलं आणि लगेच शंका आली. ताई इतकं सोपं घालेल? पाकीट फाडलं. दुसरं चिकटवलं. तेही फाडायला हात गेला, तेव्हा बायकोने ते काढून घेतलं.

“चुकलं तर ताई हसतील. हसू देत की! चला, मी येते बरोबर.”

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत तो दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा तिने नुसतं बघितलं. मग पेटीच्या तोंडात त्याने मनगटापर्यंत हात घातला आणि पाकीट सोडलं.

“पडलं का?”

“पडलं,” तो म्हणाला. “आणि साखर एकच चमचा.”