कानिफनाथच्या नावाखालची जागा

चांगुणाबाईनं नातीला गोडीगुलाबीनं नगरला आणलं खरं, पण म्हातारीच्या पोटात डाव वेगळाच होता. निकिता लष्करी पोलिसात भरती झाली होती. सोमवारी ट्रेनिंगला हजर व्हायचं पत्र आलं होतं. सुनेनं तर अंगच काढून घेतलं, म्हणाली, "आत्या म्हणतील तसं." मग काय, म्हातारीनं ठरवलं, पोरीला शहीद स्मारकावर न्यायचं, बापाच्या नावावर हात ठेवायला लावायचा आणि जाणार नाही अशी शपथ घ्यायला लावायची. एकदा पोटचा गोळा दिला, तेवढं बास झालं!

सोनईच्या एसटीतून उतरल्या उतरल्या तिनं झेंडूचा चांगला लांब हार घेतला.

काळ्या दगडावर नावं कोरलेली होती. सगळ्यात शेवटी कानिफनाथ. बारा वर्षं ती इथं येत होती, पण लेकाचं नाव दिसलं की डोळे भरून यायचे आणि पुढचं काही दिसायचंच नाही.

"ठेव हात," ती म्हणाली, "आन् शपथ घे, जानार न्हाई म्हनून."

निकिताचा हात नावावर गेला आणि तिथंच थांबला. "आज्जी, ही शपथ मी घेणार नाही. घातलीस तरी मोडणार." मग तिनं खाली बघितलं. "इथं एवढा दगड कोरा का ठेवलाय गं?"

झाडांना पाणी घालणारे मोहियोद्दीन पुढं आले. फौजेतून रिटायर झाल्यापासून स्मारकाची देखभाल तेच करत. ते चाचरत म्हणाले, "पुढं कधी नावं लागली तर, म्हणून जागा सोडलीय, मावशी."

म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "व्हय का? कुनाची वाट बघताय? माझ्या नातीची?"

"माझाबी आकिब सरहद्दीवर हाय," ते हळूच म्हणाले. "ही कोरी जागा मीच रोज पुसतो."

चांगुणाबाईनं त्या पुसून लख्ख केलेल्या कोऱ्या दगडाकडं बघितलं. त्या माणसाचं काळीज रोज किती हलत असेल, ते तिला कुणी सांगायला नको होतं. सकाळपासून ती नातीशी भांडायला निघाली होती. आता भांडायला दगड सापडला.

तिनं पदर खोचला. हार लेकाच्या नावावर न घालता तिनं तो त्याच्या खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधला. मोहियोद्दीननी दुसरं टोक धरलं. कोरा दगड झेंडूनं झाकून गेला.

"झालं, जागा भरली," ती दगडाला म्हणाली. मग नातीकडं वळली. "जा तू. सोमवारी मीच येते गाडीत बसवायला."

निकितानं तिला घट्ट मिठी मारली. म्हातारीनं तिच्या खांद्यावरूनच मोहियोद्दीनना विचारलं, "हार किती दिस टिकंल?"

"चार दिवस, मावशी."

"मग बाजाराला आले की दर खेपंला नवा आनते. मधल्या दिवसात तुमी बघा. पन ही जागा मोकळी ठिवायची न्हाई."