लोखंडाची काडी

“एवढी विमानात बसून गेली, अन् आणलं काय, तं लोखंडाची काडी! मले वाटलं, सेंट-गिंट आणन.”

भिंतीपलीकडे देवकाबाई सुनेला सांगत होत्या. सिंदी मेघेतल्या आमच्या ओळीत दोन घरांच्या मोऱ्यांमध्ये एका विटेची भिंत आहे, त्यामुळे इथे कुणाचं गुपित फार दिवस टिकत नाही. मी अलीकडे बसून भांडी घासत होते.

“आई, हळू बोला ना. काकू ऐकतीन,” रक्षा म्हणाली.

“ऐकू दे ना. खोटं बोलून राह्यली का मी?”

मला राग आला नाही. वाईट एवढंच वाटलं, की पूर्वी हेच त्यांनी माझ्या ओट्यावर बसून, माझाच चहा पिऊन, माझ्या तोंडावर म्हटलं असतं. आता भिंतीला सांगतात.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये पौर्णिमाचे बाबा कोरोनानं दवाखान्यातच गेले. घरी आलेच नाहीत. लेक पौर्णिमा तेव्हा पुण्यात नर्स, तिला निघता येईना. आपल्याकडे अशा घरात चूल पेटवत नाहीत. शेजारी, सोयरे कडू घास घेऊन येतात, समोर बसून खाऊ घालतात. माझ्याकडे कुणी आलं नाही. दोन दिवस मी वाट पाहिली. पलीकडे तर कुकरची शिट्टीसुद्धा वाजत नव्हती. तिसऱ्या दिवशी शुगरच्या गोळीसाठी मीच गॅस पेटवला आणि स्वतःचा कडू घास स्वतः शिजवला.

पुढे सगळं सुरळीत झाल्यावर मीच म्हटलं, “देवकाबाई, तुम्ही तेव्हा आर्वीले गेलते वाटते?” आर्वीला त्यांचं माहेर. त्या म्हणाल्या, “हं.” झालं. मीही तेच धरून चालले, पौर्णिमाही, रक्षाही. पाचव्या दिवशी गच्चीवर त्यांच्या साड्या वाळताना मी पाहिल्या होत्या, ती गोष्ट वेगळी.

तेव्हापासून आम्ही सगळं बोलतो, तेवढं सोडून. पण एक गोष्ट टाळायची म्हटली की तिला लागून असलेल्या दहा टाळाव्या लागतात. शेवटी बोलायला उरते ती कचऱ्याची गाडी. उन्हाळ्यात आम्ही दोघी मिळून सरगुंडे, म्हणजे कणकेच्या पोकळ शेवया, करायचो, तेही बंद पडलं. आमरसासोबत मी बाजारच्या शेवया खाते. एकटीला पुरतात.

आता पौर्णिमा इटलीत नर्स आहे. तिनंच तिकीट पाठवलं. रोम-बीम पाहायला मिळेल म्हणून मी दोन नव्या साड्यांना फॉल लावला, तर पोरीनं नेलं बासिलिकाता नावाच्या भागात. इटलीच्या बुटात टाच आणि बोटं यांच्यामधला जो तळवा, तो हा. डोंगरावर दगडी गाव, अर्ध्या दारांना कुलपं, उरलेल्या दारांत म्हाताऱ्या. पोरं कामाला दूरदेशी. मी म्हटलं, “हे पाहायला एवढ्या लांब काऊन आणलं मले? आपल्या तिकडे का कमी हाय?” ती हसली नाही.

गावात एक छोटं संग्रहालय होतं. तिथे पाव-भाकरीवर उठवायचे लाकडी ठसे ठेवले होते. पूर्वी सगळ्या गावाची भट्टी एक, म्हणून कुणाची भाकर कोणती हे कळायला प्रत्येक घराचा ठसा. आपण चक्कीवर दळणाच्या डब्यावर नाव घालतो, तसंच. मला ते फार आवडले. एका ठशाखाली लिहिलं होतं, की हे घर आता नाही.

आमची घरमालकीण फिलोमेना, ऐंशीची. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. एक दिवस ती अंगणात कणकेच्या वळ्या एका लोखंडी काडीवर गुंडाळून, सरकन काढून ताटात टाकत होती. मी म्हटलं, अव माय, हे तर सरगुंडे! काडी तिच्या हातातून घेतली आणि वीसेक काढून दाखवले. तिनं माझा गालच ओढला. पूर्वी तिथल्या बाया छत्रीच्या तारेवर पण करायच्या म्हणे, पौर्णिमानं सांगितलं. निघताना तिनं आपल्याकडची एक जुनी काडी मला दिली. तीच मी देवकाबाईंना नेऊन दिली, सेंटऐवजी.

त्याच आठवड्यात फिलोमेनाच्या समोरच्या घरातला म्हातारा गेला. संध्याकाळी बघते तर गल्लीतून बाया झाकलेली भांडी घेऊन चाललेल्या. कुणाकडे रस्सा, कुणाकडे कोंबडी, फिलोमेनाकडे कॉफीचा थर्मास. त्या घरात चूल पेटत नाही, शेजार जेवण नेतो. मी पौर्णिमाकडे पाहिलं, तिनं चप्पल शोधायला सुरुवात केली.

मीही गेले. तासभर बसले. मग उठले आणि काही न बोलता बाहेर पडले, कारण मयताच्या घरातून निघताना ‘येते’ म्हणायचं नसतं. तिथे मात्र सगळ्या बाया गळ्यात पडून, दोन्ही गालांचे मुके घेऊन निरोप घेत होत्या. फिलोमेना धापा टाकत मागे आली. कुणी काही बोललं का तुला? राग आला का? पौर्णिमानं तिला समजावलं. म्हातारी ऐकत राहिली. मग माझा हात धरून तिनं काहीतरी विचारलं. माझ्याकडे बोट, थर्मासकडे बोट, वर आभाळाकडे बोट.

तुझा नवरा गेला तेव्हा तुझ्याकडे कुणी आणलं?

पौर्णिमा म्हणाली, “आई, थंडी वाजून राह्यली. चल.”

मे महिन्यात. आणि अंगात स्वेटर.

तर ‘लोखंडाची काडी’ ऐकलं त्या दिवशी मी भांडी धुऊन टाकली आणि भिंतीवरून हाक मारली.

“देवकाबाई, उद्या सरगुंडे करू. दुपारी येजा. काडी घेऊन.”

“कोन्ती काडी?”

“सेंटवाली.”

 पलीकडे रक्षा फिसकन हसली.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. चार वर्षांनी माझ्या स्वयंपाकघरात. कूलर भरून लावला, कणीक मळलेली होती. त्यांनी काडीला पहिली वळी गुंडाळली, ती तुटली. “इटलीची हाय ना, मराठी समजत नसन तिले,” त्या म्हणाल्या. दुसरी नीट निघाली. हात जुनाच होता.

“काय पाह्यलं मंग तिकडे?”

मी सगळं सांगितलं. ठसे, कुलपं, झाकलेली भांडी. न बोलता निघून आले ते सांगितल्यावर त्या पोट धरून हसल्या. “अव बाप्पा, म्हातारीले वाटलं असन, रुसली इंडियाची पाव्हणी!” मग मी फिलोमेनाचा प्रश्नही सांगितला. सांगायचा नव्हता. किंवा होता. त्यासाठीच बोलावलं असेल मी त्यांना.

देवकाबाईंचा हात थांबला नाही. वळी, काडी, ताट. वळी, काडी, ताट.

“मंग तू काय सांगतलं तिले?”

“काई नाई. पौर्णिमाले थंडी वाजत होती.”

 ताट भरत आलं होतं. मी पाणी ठेवायला उठले; चाळणी शोधत उगाच दोन-तीन डबे सरकवले. पाठ फिरवली की माणसाला बोलायला सोपं जातं, हे मला माहीत होतं.

“रक्षाचे दिवस भरत आलते तवा,” त्या मागून म्हणाल्या. मग लगेच, “नाई, थे जाऊ दे.”

मी वळले. त्यांनी काडी मांडीवर ठेवली होती आणि पिठाचे हात तसेच अधांतरी धरले होते.

“मी डबा भरलता, उज्वला. वरण-भात. तुह्या फाटकापर्यंत आणलता. कडीले हात नाई लावला गेला, वापस नेला. मंग तेरा दिवस कुकर नाई लावला. शिट्टी तुले ऐकू जाईन म्हणून पितळेच्या गंजात शिजवत होती भात.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आमी आर्वीले गेलोच नवतो व. इथंच होतो.”